पहिले मेटल डिटेक्टर कोणते घ्यावे? भाताच्या शेतात पडलेली मंगळसूत्राची वाटी शोधायची आहे

जांबोटीकर (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात रोप लावणी चालू असताना आईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. मणी आणि एक वाटी पदरात अडकून राहिली. दुसरी वाटी, जी तिच्या माहेरची आहे, चिखलात गेली. त्या वेळी शेतात पाणी होते, त्यामुळे हाताने चाचपण्यापलीकडे काही करता आले नाही. आता सुगी आटोपली असून वाफा मोकळा आहे. कोणत्या वाफ्यात आणि साधारण कोणत्या बांधाच्या बाजूला वाटी पडली, हे आईला नक्की आठवते.

घरात यापूर्वी असे यंत्र कोणी हाताळलेले नाही. 'दहा फूट खोलवरचे सोने दाखवते' अशा जाहिराती पाहिल्या आहेत. त्यांत तथ्य आहे का? आमची माती तांबडी आहे आणि खाली जांभा लागतो, याचा काही परिणाम होतो का? लावणीच्या दिवसांत आमच्याकडे बायकांची जोडवी, कुड्या नेहमीच हरवतात, म्हणून यंत्र पुढेही उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

शिवारकरी (बेळगाव)

नमस्कार. प्रथम जाहिरातीविषयी, कारण आपल्या भागात गुप्तधनाच्या नादाने पुष्कळ लोक याच ठिकाणी फसतात. दोन हातांत दोन दांड्या किंवा पुढे अँटेना असलेले आणि लांबून किंवा दहा फुटांवरून सोने 'ओढून' दाखवणारे यंत्र खरे नसते. जमिनीवर फिरवायच्या चांगल्या यंत्राला अंगठीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत लागते, आणि पोकळ, पातळ पत्र्याची वाटी त्याहूनही कमी खोलीवर. आपल्या कामाला तेवढे पुरेसे ठरावे, कारण चिखलणी केलेल्या भाताच्या वाफ्यात वरचा गाळ मऊ असला तरी त्याखाली नांगराच्या तळाशी घट्ट थर असतो आणि वाटी सहसा त्याच्या खाली जात नाही.

आता मातीविषयी. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाचे प्रमाण जास्त असते आणि यंत्राला त्या लोहाचाही प्रतिसाद मिळतो. त्यामुळे ते उगाच वाजत राहते किंवा लहान वस्तूचा आवाज त्यात बुडून जातो. यावर उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स', म्हणजे यंत्राला त्या जागेच्या मातीची सवय लावणे. कॉइल, म्हणजे यंत्राच्या खालच्या टोकाची गोल तबकडी, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवरून वीतभर उंचीपर्यंत वर-खाली करत राहायचे आणि आवाज स्थिरावला की शोध सुरू करायचा. गॅरेट एस २५० सारख्या सोप्या यंत्रात ही जुळणी कारखान्यातच कायमची केलेली असते. एरवी ते नवशिक्याला चांगले आहे, परंतु तुमच्या मातीसाठी मी ते सुचवणार नाही. ज्यात ही जुळणी स्वतः करता येते असेच यंत्र घ्यावे, उदाहरणार्थ नोक्ता सिम्प्लेक्स किंवा मिनलॅब एक्स-टेरा प्रो. एक्स-टेरा प्रोमध्ये ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ यांपैकी वारंवारता (यंत्र सोडते त्या लहरींची दर सेकंदाची कंपने) निवडता येते; सोन्याच्या लहान वस्तूंसाठी वरची बाजू बरी.

विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा. जुन्या स्पीकरचे चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाफ्यातल्या कोरड्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी पूड दाट चिकटली, तर साधे यंत्र तिथे चालणार नाही असे समजावे.

निपाणीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त त्रास तांबड्या मातीतच होतो असा समज होऊ नये. आमची काळी जमीन बेसाल्टपासून बनलेली असल्यामुळे तिच्यातही चुंबकाला चिकटणारे कण भरपूर असतात.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. यंत्रावर 'दागिने' असे चित्र असले तरी सोने वेगळे ओळखण्याची शक्ती त्यात नसते; वस्तूतून वीज किती सहज वाहते याचा तो केवळ अंदाज असतो. सोन्याची लहान वस्तू आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी पुष्कळदा यंत्राच्या पडद्यावर एकाच आकड्यावर येतात. कचरा टाळण्यासाठी यंत्रात त्या आकड्यांचा पट्टा बंद केला, तर वाटीही गप्प राहील. फार तर फक्त लोखंड बंद ठेवावे, कारण शेतात बैलांच्या पत्र्यांचे खिळे, विळ्याचे तुकडे आणि तारा असतातच.

तुमच्याजवळ जोडीची वाटी आहे, हे मोठे साधन आहे. तिला दोरा बांधा, त्याच वाफ्यात चार बोटे खोल पुरा आणि तिच्यावरून कॉइल फिरवून आकडा व आवाज लक्षात ठेवा. मग खोली वाढवत पाहा. दुकानदाराने यंत्र दाखवायला होकार दिला, तर हीच परीक्षा खरेदीपूर्वीच करून घ्या.

भाताच्या सडात मोठी कॉइल अडते आणि जमिनीपासून उचलली जाते, म्हणून सड मुळाशी कापून घ्यावे किंवा लहान कॉइल मिळते का ते पाहावे. पैसे उरले तर पिनपॉइंटर अवश्य घ्या. ढेकूळ फोडल्यानंतर वाटी हातातल्या मातीत आहे की खड्ड्यात, हे त्या वीतभर लांबीच्या काठीने लगेच कळते.

काळीनदीकाठ (कारवार)

शेतासाठी वरील सल्ला योग्यच आहे. पुढे कधी समुद्रकिनाऱ्यावर शोधायचा विचार असेल, तर खारट ओल्या वाळूत एका वारंवारतेची यंत्रे फार कटकट करतात. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र लागते. केवळ त्या शक्यतेसाठी आत्ताच जास्त खर्च करू नये, असे माझे मत आहे.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल चुंबक फिरवून पाहिले. पिशवीवर काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहिल्या. त्यामुळे ग्राउंड बॅलन्स असलेलेच यंत्र घेण्याचे ठरवले आहे. शेजारच्या काकूंची सोन्याची बारीक साखळीही त्याच दिवसांत हरवली आहे, तीही याच यंत्राला सापडेल का?

शिवारकरी (बेळगाव)

बारीक साखळी फार अवघड असते. यंत्राला ती अखंड दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते, आणि त्या कड्या फारच लहान असतात. पदक किंवा जाड फासा असेल तर तोच वाजण्याची आशा धरावी.

वाटीसाठी वाफ्यात सुतळीने हातभर रुंदीचे पट्टे आखा आणि कॉइल जमिनीला समांतर, अगदी सावकाश फिरवत प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढेल असे पाहा. एकदा उभे झाले की तोच वाफा आडवा करा. खोदलेली प्रत्येक वस्तू, मग ती खिळा का असेना, पिशवीत टाका, म्हणजे ती पुन्हा वाजणार नाही. तोवर नांगर घालू देऊ नका, कारण फाळाबरोबर वाटी बरीच लांब सरकू शकते.

यंत्र आल्यावर गावातली उत्साही मुले हलशीच्या देवळांकडे किंवा बेळगावच्या किल्ल्याकडे जाऊ या म्हणतील, त्यांना तिथेच थांबवा. संरक्षित स्मारकांच्या जागेत परवानगीशिवाय खोदणे १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. दुसऱ्याच्या शेतातही मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि केलेला प्रत्येक खड्डा त्याच दिवशी बुजवावा.