प्रति: 500 वॅट-तासाच्या पोर्टेबल पॉवर स्टेशनवर (उचलून नेता येणारा बॅटरी-इन्व्हर्टरचा डबा) रात्रभर कूलर चालेल का?

नाही चालणार, भाऊ. कूलर सरासरी 180 वॅट धरा. 500 वॅट-तासातले इन्व्हर्टरचं नुकसान जाऊन 425च्या आसपास हाती लागतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन तास. त्याच डब्यावर 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा मात्र चौदाएक तास फिरतो.

घरासाठी 150 एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी भरायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अजूनही परवडते. कागदावर 12 व्होल्ट गुणिले 150, म्हणजे 1800 वॅट-तास; पण बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नका. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या लाइनीसारखी वीज देणारा) घ्या. स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर घूं घूं करते आणि तापते.

आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांमागे लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात टिनाखाली ठेवली की पाणी भराभर आटतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि उघडा पडलेला भाग पुन्हा नीट चार्ज घेत नाही. मातीच्या भिंतीच्या, हवेशीर खोलीत ठेवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा; फक्त डिस्टिल्ड पाणी टाका, बोअरचं अजिबात नाही.

चिखलदऱ्याला तंबूत न्यायला तुमचा 500वाला पुरे, फक्त आत लिथियम आयर्न फॉस्फेट सेल (लिथियममधला जास्त सुरक्षित, टिकाऊ प्रकार) आहेत का ते विचारून घ्या. उन्हात उभ्या गाडीत ठेवून चार्जिंगला लावू नका. साधारण 45 अंशांवर बरेचसे डबे चार्जिंग स्वतःच बंद करतात, आणि लोकं बिघडला म्हणून दुकानात नेतात.

आणि या डब्यावर एक एचपीची (अश्वशक्तीची) मोटर चालवायची म्हणाल, तर ती सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते. नाद सोडा.