फेरिटिन वाढलंय, पण लघवी पिवळीच?

ताई, मुलाचं फेरिटिन (शरीरात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) १,८०० वरून एकदम २,९०० झालं आणि डेफेरासिरॉक्स ही जादा लोह काढणारी गोळी चालू असूनही लघवी लाल होत नाही, म्हणून तुम्ही घाबरलात. आधी आठवा, रक्त तपासायला दिलं त्या आठवड्यात त्याला ताप होता का? जंतुसंसर्ग असला की लोह न वाढताही फेरिटिन चढतं. माझ्या पुतणीलाही थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा जन्मजात आजार, आणि त्या रक्तातूनच लोह साठत जातं. आम्ही एका आकड्यावर जात नाही, दर तीन महिन्यांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहितो.

आता लघवीचं. पुतणीला रात्री डेस्फेरॉल या लोह काढणाऱ्या इंजेक्शनचा पंप लावायचो तेव्हा लोह बाहेर पडून सकाळची लघवी विटकरी यायची आणि वहिनीचा जीव भांड्यात पडायचा. त्या औषधावर चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून त्यातलं लोह मोजता येतं. डेफेरासिरॉक्सने मात्र लोह मुख्यतः शौचावाटे जातं, तेव्हा पिवळ्या लघवीवरून औषध लागू पडत नाही असं समजू नका. लघवी तपासायचीच, पण त्यातल्या प्रथिनांसाठी. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, कारण या औषधाचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. यकृत-हृदयात किती लोह साठलंय ते मोजणाऱ्या टी-टू-स्टार एमआरआयबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका.