मदत हवी आहे: इराणचा राजा खुसरो दुसरा याचा द्राख्म (चांदीचं नाणं), कड कातरलेली. घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

गधैया नाणी (मध्ययुगात पश्चिम भारतात चालणारी, सासानी नाण्यांवरून घेतलेली) जमवता जमवता त्यांच्या मुळाशी पोचलो आणि आता सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या, द्राख्मांचं वेड लागलंय. गधैयावर नुसते ठिपके आणि रेघा होऊन बसलेला तो चेहरा, ती अग्निवेदी, मूळ इराणी चांदीवर फार देखणी दिसतात.

ओळखीच्या एका विक्रेत्याने खुसरो दुसरा (इ.स. 590–628) याचा द्राख्म घरी बघायला दिलाय. राजाचं तोंड उजवीकडे, मुकुटाला पंख, त्यावर कोर आणि तारा. मागे अग्निवेदी, दोन बाजूंना दोन सेवक, वेदीच्या डावीकडे पहलवीत (जुन्या इराणी लिपीत) राज्यवर्ष, उजवीकडे टांकसाळीची अक्षरं. इथवर सगळं ठीक.

अडचण वजनाची आहे. पूर्ण द्राख्म चार ग्रॅमच्या आसपास भरतो, हा भरतोय 2.9. वर्तुळाबाहेरची रुंद किनार, जिच्यावर चंद्रकोरी आणि तारे असतात, ती जवळजवळ सगळी गेलीये. राजाच्या तोंडासमोर एका ताऱ्याची दोन टोकं तेवढी उरलीत. कडही गोल नाही, कात्रीने थोडं थोडं कापत गेल्यासारखी आहे.

विक्रेता म्हणतो, खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी 79 (इ.स. 698-99) च्या सुमारास नवा दिरहम (चांदीचं नाणं) रूढ केला, तो तीन ग्रॅमच्या आतला, आणि त्या मापात बसवायला जुने द्राख्म कातरले गेले. असं होत असे हे मलाही मान्य आहे. पण हा तेव्हाच कातरलेला, की तुटकी कड लपवायला आत्ता कोणी कात्री चालवलीये, हे कसं ओळखायचं?

दुसरी शंका ओतीव नकलेची. भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे दिसत नाहीत, पण अक्षरं जरा बोथट वाटतात. टांकसाळ वाचता आली तर तीही सांगा, फोटो जोडलेत. अक्षरांत काळा थर आहे. चिंच-लिंबू काही लावलेलं नाही, लावणारही नाही.

प्रतिसाद

आधी कापलेली कड बघा. काप जुना असेल तर पृष्ठभागावरचा काळा थर कडेवरही उतरलेला असतो. नवा असेल तर तिथली चांदी उघडी, चकचकीत दिसते. कडेवर सांध्याची रेघ (साच्यात ओतल्याची खूण) किंवा कानस फिरवल्याच्या खुणा असतील तर सरळ परत करा. आणि खरं-खोटं बघायला नाणं फरशीवर वाजवू नका. एवढी जुनी पातळ चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, तडकेल. कडेचा जवळून फोटो टाका, मग अक्षरांकडे वळू.