मुलीला तापात दुसऱ्यांदा आकडी आली. रात्री झोपायचं कसं?

रेवाची आई

माझी मुलगी १६ महिन्यांची आहे, वजन १० किलो. आम्ही कराडजवळ राहतो. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवारी रात्री येतो. एरवी घरी मी, सासूबाई आणि रेवा.

पहिली आकडी अकराव्या महिन्यात आली होती. तेव्हा दोन दिवस ॲडमिट केलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं, मेंदूज्वर नाही म्हणाले. आता मागच्या मंगळवारी दुसरी. सकाळपासून नुसतं नाक गळत होतं. दुपारी अंग गरम लागलं, थर्मामीटर लावला तर १०१. तापाचं औषध पाजलं आणि मांडीवर घेऊन बसले. अर्धा तासही झाला नसेल, तिनं एकदम डोळे वर फिरवले, अंग ताठ केलं, मग हातपाय झटकायला लागली. तोंडाला फेस, ओठ निळे. मला वाटलं, गेली. दातखिळी बसेल म्हणून मी माझं बोट तिच्या तोंडात घातलं. अजून त्या बोटावर वर दोन आणि खाली दोन दातांची खूण आहे, नखाखाली रक्त साकळलंय. सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला.

दहा मिनिटं तरी चाललं असं मी डॉक्टरांना सांगितलं. रात्री मोबाइल बघितला तर शेजारच्या काकूंना फोन केला होता २:४१ ला, आणि २:४३ ला नवऱ्याला "थांबली" म्हणून.

डॉक्टरांनी आकडी येऊ नये म्हणून तापात तीन दिवस द्यायला क्लोबाझामच्या गोळ्या आणि आलीच तर थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिलाय. तेव्हापासून मी रात्री दर तासाला उठून तिच्या काखेत थर्मामीटर लावते. ताप उतरून चार दिवस झाले तरी लावते. सासूबाई म्हणतात, ताप डोक्यात गेला, तू औषध आधी द्यायला हवं होतंस. खरंच माझा उशीर झाला का? तिच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का? आणि तिचे बूस्टर बाकी आहेत, आशाताई दोनदा सांगून गेल्या. लशीनं ताप येणार. देऊ का नको?

वेदचे बाबा, ठाणे

ताई, तुमचा उशीर झाला नाही. हे मी आधी लिहितो, कारण मला ते कळायला दीड वर्ष लागलं.

वेदला चार वेळा आकडी आली, पहिली चौदाव्या महिन्यात, शेवटची साडेतीन वर्षांचा असताना. आता तिसरीत आहे. आम्ही चौथ्या तासाला गजर लावून, झोपेतून उठवून पॅरासिटामॉल पाजायचो. तरी दुसरी आली, तिसरी आली. मग आमच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला की बऱ्याच मुलांना आकडी ताप चढायला लागतानाच येते, कधी तर मुलाला ताप आहे हे घरात कुणाला कळायच्याही आधी. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं, त्यानं दोन घास खावेत, पाणी प्यावं म्हणून द्यायचं. त्यानं आकडी थांबत नाही. त्या दिवसापासून बायको रात्रीची झोपायला लागली.

एक मात्र करा. घरातल्या औषधाच्या बाटल्या आत्ता काढून बघा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. वरून बाटली सारखीच दिसते. आमच्याकडे दोन्ही होत्या, एक आजोळहून आलेली, आणि आम्ही दोन दिवस दुपटीनं पाजत होतो. आता एकच ठेवतो आणि बुचावर मार्करनं आकडा लिहितो.

वॉर्डातली सिस्टर

बालरुग्ण विभागात १९ वर्षं काम करते. तुमचं बोट वाचून पोटात कालवलं, पण पुन्हा कधीही तोंडात काही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. चमच्यानं दुधाचा दात तुटून श्वासनलिकेत गेला तर आकडीपेक्षा मोठं संकट. जीभ गिळली जात नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी काहीही होत नाही. आकडी आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

खाली सतरंजीवर कुशीवर झोपवा म्हणजे लाळ बाहेर पडेल, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. दुसरं कुणी असेल तर त्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच, हे त्यात दिसतं, आणि आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर स्प्रे मारायचा आणि १०८ ला फोन करायचा. किती वेळा दाबायचा ते वजनावर ठरतं, स्प्रेही वेगवेगळ्या ताकदीचे येतात. म्हणून डॉक्टरांकडून तो आकडा खोक्यावरच लिहून घ्या, दर दोन-तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे बदलून घ्या, आणि सासूबाईंनाही शिकवा.

मेंदूचं विचारलंत. सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ही तापाची आकडी येते. दोन्ही बाजूंना झटके, पंधरा मिनिटांच्या आत थांबली, चोवीस तासांत परत आली नाही, तर ती साधी. तुमची साधीच दिसते. अशा आकडीनं बुद्धीवर परिणाम होत नाही. पुढे मिरगी लागण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते. पण पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर पुन्हा येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, हे मनात धरून ठेवा म्हणजे तिसरी आली तर हादरणार नाही.

कधी घाई करायची तेही सांगते. आकडी थांबून तासभर झाला तरी नीट शुद्धीवर येत नाही, मान कडक वाटते, उलट्या थांबत नाहीत, अंगावर दाबल्यावर न जाणारे लालजांभळे ठिपके दिसतात, तर थांबायचं नाही, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. क्लोबाझामनं मूल पेंगतं, चालताना झोकांड्या जातात, चिडचिडं होतं. ही गुंगी औषधाची की आजाराची, हे घरी ओळखता येत नाही. शंका आली की दाखवा.

लस चुकवू नका. गोवर-रुबेलाचा ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. खुद्द गोवराचा ताप याहून कितीतरी वाईट, मी वॉर्डात बघितलाय.

नातवंडांची आजी

बाळ, माझ्या धाकट्याला १९८४ साली अशीच आकडी यायची. तेव्हा गार्डिनल या आकडीवरच्या औषधाच्या गोळ्या रोज, ताप असो-नसो, दोन वर्षं दिल्या. पोरगं दिवसभर कावरंबावरं असायचं. कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवून ठेवून मी त्याचं कातडं सोलवटून टाकलं होतं. आता तो दोन मुलांचा बाप आहे आणि त्याच्या थोरलीलाही आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी होती का? तू तुझ्या सासूबाईंना विचारलंस का? रागानं नको, शांतपणे विचार.

रेवाची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भांडी घासताना सासूबाईंना विचारलं. त्यांनी नळ बंद केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ह्याला चार वर्षांचा होईस्तोवर यायची. त्यांच्या सासूनं त्यांना बजावलं होतं, बाहेर कुणाला सांगू नकोस, पोराचं लग्न व्हायचं नाही. तेव्हाही "ताप डोक्यात गेला, तुझं लक्ष नव्हतं" हेच त्यांनी ऐकलं होतं. त्या रडल्या. मीही रडले.

आज डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी फाइलवर लिहून घेतलं आणि स्प्रेच्या खोक्यावर पेनानं आकडा लिहून दिला. खोकं फ्रिजच्या वर ठेवलंय, शेजारच्या काकूंनाही दाखवलंय. बाटल्या बघितल्या, खरंच दोन निघाल्या, १२० ची आणि २५० ची. तिच्या वजनाला एका वेळी १५० मिलिग्रॅम, म्हणजे १२० च्या बाटलीतून सव्वासहा मिली आणि २५० च्या बाटलीतून फक्त तीन. २५० ची टाकून दिली.

बुधवारी उपकेंद्रात लस आहे. सासूबाई म्हणाल्या, मी येते बरोबर. कॅलेंडरवर सातव्या ते बाराव्या दिवसावर लाल गोल त्यांनीच काढलेत.