रात्रपाळीचे तास वजा येतात: हजेरीच्या शीटबद्दल सल्ला हवा

वहीतून_शीटमध्ये
मंडळी, भोसरीला मामांचं छोटं वर्कशॉप आहे. अकरा माणसं, दोन पाळ्या. आजवर हजेरी वहीत होती, आता अंगठ्याचं मशीन बसवलंय आणि महिन्याची फाइल माझ्या गळ्यात पडली आहे. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये आल्याची वेळ, सी मध्ये गेल्याची. सी वजा बी केलं की दिवसपाळीचे (सकाळी ८ ते ४:३०) तास बरोबर ८:३० येतात. रात्रपाळी ११ ते सकाळी ७:३०. तिथे एक्सेलमध्ये नुसत्या हॅशच्या जाळ्या दिसतात, आणि तीच फाइल गूगल शीट्समध्ये उघडली तर चक्क उणे साडेपंधरा तास!
दुसरं दुखणं: सहा दिवसांची बेरीज ५१ तास यायला हवी, ३:०० येते. तिसरं: ८:३० ला तासाचा दर ९६ रुपयांनी गुणलं तर एका दिवसाची मजुरी ३४ रुपये. मामा म्हणाले, "हेच लाव, फायदा आहे."
फॉर्म्युला सुचवा, किंवा एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का तेही सांगा.

चहा_अर्धा
सॉफ्टवेअर घ्या आणि मोकळे व्हा. अकरा माणसांसाठी कशाला डोकं शिणवायचं?

पाढे_पाठ
अकरा माणसांसाठीच तर सॉफ्टवेअर नको. दरवर्षी पैसे भरायचे, आणि ते तास कसे मोजतंय ते शेवटी कळतच नाही. एकदा शीट नीट बसवा.

तुमची तिन्ही दुखणी मुळात एकच आहेत. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची गिनती (१ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १) आणि वेळ म्हणजे त्या दिवसाचा तुकडा. सकाळचे ६ म्हणजे ०.२५, दुपारचे १२ म्हणजे ०.५. सेलमध्ये ८:३० दिसतं ती नुसती वेशभूषा, आत बसलंय ०.३५४. त्याला ९६ ने गुणलं म्हणून ३४ आले. आधी २४ ने गुणून दिवसाचे तास करा, मग दर लावा: ८.५ × ९६ = ८१६. मामांची निराशा होईल, इलाज नाही.

बेरजेचंही तेच. ५१ तास म्हणजे दोन दिवस आणि तीन तास. साधा वेळेचा फॉरमॅट पूर्ण दिवस गिळतो आणि उरलेले तीन दाखवतो. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टमला जाऊन तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घाला, म्हणजे [एच]:एमएम. लगेच ५१:०० दिसेल. (नावं देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थात रोमन अक्षरं टाका.)

रात्रपाळीसाठी:
=मॉड(सी२-बी२,१)
वजाबाकी उणे आली की मॉड त्यात एक पूर्ण दिवस मिळवतो, धन आली तर हात लावत नाही. त्यामुळे दोन्ही पाळ्यांना हा एकच फॉर्म्युला चालतो. इफ लावून "सी लहान असेल तर एक मिळव" असंही लिहिता येतं, उत्तर तेच.

पण एक खड्डा आहे. कुणी सकाळी ७ ला आला आणि डबल ड्युटी करून दुसऱ्या दिवशी ९ ला गेला, तर २६ तासांचे मॉड २ तास करेल. बिचाऱ्याचा अख्खा दिवस गेला! मशीनमधून जाण्याची तारीखही मिळत असेल तर ती घ्याच. मग (जाण्याची तारीख + वेळ) वजा (येण्याची तारीख + वेळ) एवढं पुरतं, मॉडची गरजच नाही. माझं मत विचाराल तर तारीख आणि वेळ कधी वेगळी ठेवूच नये.

वहीतून_शीटमध्ये
बापरे, चालतंय की! ८१६ आले, मामांचा चेहरा पाहण्यासारखा होता. जाण्याची तारीख मशीन देतं, नवीन कॉलम केला.
आता मागचे तीन महिने वहीतून उतरवतेय. तिथे वेगळाच घोळ. १७.०० मधून ८.३० गेले तर ८.७० येतात. साडेआठ यायला हवेत ना?

पाढे_पाठ
वेळ टिंब देऊन लिहिलीत. आपण मराठीत सर्रास ८.३० लिहितो, पण एक्सेलला ते आठ पूर्णांक तीन दशांश वाटतं. त्याच्या हिशोबी आठ दिवस आणि सात तास बारा मिनिटं. पुढे टाइप करताना विसर्गासारखी दोन टिंबं द्या. आधीचं सगळं टाइप झालं असेल तर बाजूच्या कॉलममध्ये:
=इंट(बी२)/२४+राउंड(मॉड(बी२,१)*१००,०)/१४४०
दिवसाची मिनिटं १४४०, म्हणून तो भागाकार. राउंड वगळू नका, नाहीतर दशांशाच्या कणामुळे पुढे कधीतरी ८:३० आणि ८:३० "समान नाहीत" असं शीट तोंडावर सांगेल.

कारकून_नंबर_दोन
वेळेचं झालं, तारखा तपासल्यात का? आमच्याकडे याच मशीनच्या फाइलीने पगार चुकवला होता. फाइलमध्ये ०५/०६/२०२४ म्हणजे ५ जून. ज्या कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेवर आहे तो त्याला ६ मे समजतो, बिनबोभाट. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तारीख मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चुकीच्या महिन्यात आणि उरलेले हिशोबाबाहेर. एरर दिसली तरी ती खालच्या ओळींत, वरच्या ओळी अगदी साळसूद.
ओळख: आपोआप डावीकडे चिकटलेली तारीख बहुधा मजकूर असते, उजवीकडची खरी. खात्रीला इझनंबर लावा, सेलमध्ये खरंच आकडा आहे का ते हे फंक्शन सांगतं.
फाइल डबल क्लिक करून उघडूच नका. कोरी शीट उघडून डेटा मेनूतून आणा आणि तारखेच्या कॉलमला डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) हा क्रम सांगा. आधीच उलटलेल्या तारखा नंतर टेक्स्ट टू कॉलम्सने सुलट होत नाहीत, मूळ फाइलच पुन्हा आणावी लागते. आम्ही हे दोन दिवस घालवून शिकलो.

गुरुवारची_सुट्टी
भोसरी म्हटल्यावर राहवलं नाही. कामाचे दिवस मोजायला नेटवर्कडेज वापराल तर तो शनिवार-रविवार वगळेल. तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर नेटवर्कडेज.इंटल घ्या आणि तिसऱ्या जागी १५ टाका. १५ म्हणजे फक्त गुरुवार (११ म्हणजे फक्त रविवार). चौथ्या जागी सणांच्या तारखांची यादी.
आणि हे फंक्शन दोन्ही टोकांचे दिवस धरतं, साधी वजाबाकी एकच टोक धरते. १० ते १४ रजा म्हणजे पाच दिवस, वजाबाकी चार सांगेल. रजेच्या हिशोबात अधिक एक विसरला की भांडण ठरलेलं.

वहीतून_शीटमध्ये
गुरुवारच आहे! धन्यवाद.
आता शेवटचं, नक्की शेवटचं. आमचे एक जुने कारागीर १०/११/२००८ ला लागले, ३१/०५/२०२४ ला निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीसाठी डेटडिफ (दोन तारखांमधलं अंतर काढणारं फंक्शन) लावायला गेले तर एक्सेल ते नाव सुचवतच नाही. आमच्या आवृत्तीत नाही का?

पाढे_पाठ
आहे, फक्त घरचं झाकलेलं माणूस आहे. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमच्या जुन्या फायली चालाव्यात म्हणून ठेवलंय. नाव पूर्ण टाइप करा, चालेल. "वाय" दिलं की पूर्ण वर्षं १५, "वायएम" दिलं की वरचे महिने ६. "एमडी" मात्र वापरू नका. त्याचं उत्तर कधी शून्य, कधी उणे येऊ शकतं, आणि हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

इथे एक बारीक जागा आहे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. तुम्ही "महिने ६ पेक्षा जास्त का" असं विचाराल तर शीट "नाही" म्हणेल, कारण पूर्ण महिने सहाच आहेत. प्रत्यक्षात सहा महिने आणि वर एकवीस दिवस झालेत. म्हणून ईडेट वापरा: लागल्याच्या तारखेत १५ × १२ + ६ = १८६ महिने मिळवा. १०/०५/२०२४ येतं. निवृत्ती त्याच्या पुढची, म्हणून वर्षं १६.
समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० असेल, तर पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, १८,२०० × १५ ÷ २६ = १०,५०० प्रत्येक वर्षाचे. १६ वर्षांचे १,६८,०००. पंधराच धरली असती तर त्यांचे साडेदहा हजार बुडाले असते.

जुनी_पानं
अवांतर: वंशावळीच्या शीटमध्ये १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेल घेतच नाही, मजकूर समजतं. जुगाड असा की दोन्ही तारखांत ४०० वर्षं मिळवायची, कारण आपलं कॅलेंडर ४०० वर्षांनी वारासकट जसंच्या तसं फिरून येतं. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, निधन १ ऑगस्ट १९२०. २२५६ आणि २३२० टाकून पाहा, ६४ वर्षं ९ दिवस. गूगल शीट्समध्ये हा खटाटोप लागत नाही.

चहा_अर्धा
मी सॉफ्टवेअरचा सल्ला मागे घेतो. हा धागा साठवून ठेवला आहे.

वहीतून_शीटमध्ये
ग्रॅच्युइटीचा आकडा मामांना दाखवला. न बोलता सोळा वर्षांचा धरला. जूनची हजेरी वहीशी ताडून पाहिली, नऊ जणांचे तास तंतोतंत. दोघांनी एकेका दिवशी जाताना अंगठाच लावला नव्हता, ते त्यांना विचारून भरले.
एकच राहिलं: मशीनचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे असं आज कळलं. सगळ्या वेळांतून सात मिनिटं वजा करू का?

पाढे_पाठ
येणं आणि जाणं दोन्ही त्याच मशीनवर असेल तर वजाबाकीत ती सात मिनिटं आपोआप उडतात. लेट मार्क लावत असाल तरच फरक पडेल.

वहीतून_शीटमध्ये
मामा लेट मार्क लावत नाहीत. ते स्वतःच साडेनऊला येतात.