शब्दचर्चा : 'सेल्फ-ड्रायव्हिंग' गाडीला मराठीत काय म्हणावं?

परवा मामांना एक बातमी वाचून दाखवत होते. त्यात 'स्वयंचलित ट्रक' असा शब्द आला. मामांनी जवळजवळ तीस वर्षं ट्रक चालवलाय. ते म्हणाले, "म्हणजे गिअर टाकावा लागत नाही, तोच ना? त्यात नवीन काय?" मी म्हटलं, "नाही मामा, ड्रायव्हरच नसलेला." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, मग तसं लिहायला नको का? वाचून कुणाला कळणार?"

मामांचं म्हणणं मला पटलं आणि तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

'स्वयंचलित' हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. दरवाजा स्वयंचलित, जिना स्वयंचलित, गिअरही स्वयंचलित. त्याहून जुना वापर म्हणजे 'स्वयंचलित वाहन', अर्थात मोटार. 'ऑटोमोबाइल' या शब्दाचा मूळ अर्थही 'आपलं आपण हलणारं' एवढाच. घोडा किंवा बैल न जुंपता गाडी पुढे जायला लागली, तेव्हाच हा शब्द खर्ची पडला. इंजिनाने जनावराची जागा घेतली तेव्हाचा शब्द आता यंत्र माणसाची जागा घेतंय तेव्हा कसा पुरणार?

आता जरा बारकाईने बघू. संस्कृतातून आलेल्या 'चलित'चा अर्थ 'हललेलं' आणि 'चालित'चा अर्थ 'चालवलेलं'. मराठीत हाच फरक 'चालणे' आणि 'चालवणे' यांत आहे. 'गाडी चालते' या वाक्यात कुणी कुणाला जाब विचारत नाही. 'गाडी चालवतो' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोण? प्रयोजक क्रियापदाला करवणारा लागतोच. म्हणून नुसती इंजिनावर पळणारी ती स्वयंचलित आणि स्वतःच चालक झालेली ती स्वयंचालित, असा भेद करता येईल असं मला वाटतं. एका कान्याचा फरक आहे, पण त्या कान्यात सगळा चालक बसलेला आहे.

'सेल्फ' या शब्दाचा घोळ तर आपण रोज ऐकतो. भाड्याने 'सेल्फ ड्राइव्ह' गाडी घेतली, तर ती आपल्याला स्वतः चालवावी लागते. 'सेल्फ-ड्रायव्हिंग' गाडी मात्र स्वतःच स्वतःला चालवते. दोन्हींत सेल्फ आहे, पण एकात तो माझा आणि दुसऱ्यात गाडीचा.

बाकीचे पर्याय झटपट. 'स्वायत्त' मला पटत नाही. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन. या गाडीला कुठे जायचं ते प्रवासी सांगतो, कसं जायचं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि अडली तर दूरच्या खोलीत बसलेला माणूस वाट सुचवतो. 'चालकमुक्त' तर अजिबात नको. कर्जमुक्त, व्यसनमुक्त, रोगमुक्त या रांगेत चालकाला बसवणं मला सहन होत नाही, विशेषतः ज्यांची पोटं त्या कामावर आहेत त्यांचा विचार करता. 'विनाचालक' सुटसुटीत आहे, विनाअट, विनाथांबा यांच्यासारखा. 'चालकविरहित'ही चालेल. त्यात 'विरह' या शब्दाचाच धातू आहे हे लक्षात आल्यापासून तो मला थोडा आवडायलाही लागलाय. फक्त हे दोन्ही शब्द कोण नाही एवढंच सांगतात. कोण आहे, ते सांगत नाहीत.

तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद

'ड्रायव्हरलेस' सगळ्यांना कळतं, मग मराठी शब्द कशाला, असं लिहायला आले होते. पण तुमचं 'कोण आहे, ते सांगत नाहीत' हे वाक्य वाचून थांबले. मला फार कमी दिसतं, गाडी चालवणं मला कधीच शक्य झालं नाही. माझ्यासाठी ही गाडी 'विना' काही नाही. उलट चालक सोबत घेऊन येणारी ती पहिलीच गाडी असेल, कुणाची मनधरणी न करता, कुणाच्या वेळेवर अवलंबून न राहता मला नेणारी. 'विनाचालक' ऐकलं की काहीतरी कमी आहे असं वाटतं. 'स्वयंचालित' ऐकलं की काम होईल असं वाटतं. माझं मत स्वयंचालितला.

प्रतिसाद

कायद्याच्या भाषांतराचं काम करतो, म्हणून थोडं वेगळं. नियमांमध्ये 'चालक' हा नुसता माणूस नसतो, तो वाक्याचा कर्ता असतो. अमेरिकेतला एक नियम बघा. ट्रक रस्त्यावर बंद पडला की चालकाने १० मिनिटांच्या आत इशाऱ्याचे त्रिकोण रस्त्यावर मांडायचे. आता ट्रकमध्ये कुणी नाही. त्रिकोण कोण मांडणार? वाक्यातला कर्ता काढला की क्रियापद लोंबकळतं. तिथल्या कंपन्यांनी त्रिकोणांऐवजी केबिनवरच इशाऱ्याचे दिवे बसवण्याची सवलत मागितली, त्याचं मूळ या एका शब्दात आहे.

ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात 'यूजर-इन-चार्ज' अशी नवी व्यक्तीच निर्माण केली. गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्यातून घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी या व्यक्तीवर येत नाही, ती गाडीमागच्या परवानाधारक संस्थेवर जाते. पण गाडीने 'आता तुम्ही घ्या' म्हटलं की घ्यावं लागतं. याला मराठी काय? 'प्रभारी वापरकर्ता' लिहून बघितलं, पण प्रभारी म्हणजे बदलीवरचा मुख्याध्यापक डोळ्यांसमोर येतो.

मूळ लेखिका

दोघांचेही आभार. पहिल्या प्रतिसादाने माझं मत पक्कं झालं आणि दुसऱ्याने ते अपुरं असल्याचं दाखवलं. कर्ता कोण, हा प्रश्न मला का छळतो ते सांगते.

१८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं टेम्पी शहर, रात्रीची वेळ. एक बाई सायकल हातात धरून, ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरची चाचणीवरची गाडी आली आणि बाई त्या धडकेत गेली. तपासातून कळलं की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. दिसली, पण नाव ठरेना. आधी वाहन, मग आणखी काहीतरी, मग सायकल, पुन्हा काहीतरी. नाव बदललं की आधीची नोंद बाजूला पडायची, त्यामुळे ती कुठल्या दिशेने चाललीय याचा हिशोब दर वेळी नव्याने सुरू व्हायचा. पादचारी पट्ट्याबाहेर माणूस चालत असेल, ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती. शब्द चुकला म्हणून माणूस गेला असं म्हणणं फार सोपं होईल, पण नाव ठरवण्यात सेकंद गेले हे खरं आहे.

आणि कर्ता? चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी एक व्यक्ती होती, तिची नजर फोनवर होती. खटला तिच्यावर झाला आणि २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले गेले नाहीत. जाहिरातीत गाडी स्वतः चालते आणि न्यायालयात माणूस चालवतो, ही दरी मला अस्वस्थ करते. टेस्लाने २०२४ मध्ये आपल्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या नावापुढे 'सुपरवाइज्ड' हा शब्द जोडला. ज्या गाडीवर माणसाला सतत नजर ठेवावी लागते, तिला मराठीत स्वयंचालित म्हणू नये, असं मी ठामपणे म्हणेन. तिथे चालक तो चालकच.

याचा अर्थ मी या गाड्यांच्या विरोधात आहे असा नाही. जगात रस्त्यावर दरवर्षी ११ लाखांहून जास्त माणसं मरतात, आणि डुलकी, दारू, घाई ही माणसाची दुखणी आहेत. चालक नसलेल्या टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीने २०२५ मध्ये आपल्या सुमारे ९ कोटी किलोमीटरच्या नोंदी मांडल्या. त्यांत माणसं जखमी होण्याचे अपघात मानवी चालकांच्या तुलनेत बरेच कमी आहेत. आकडे कंपनीचे आहेत, आणि तिच्या गाड्या आखून दिलेल्या भागातच फिरतात, हे धरूनही मला ते मोलाचे वाटतात.

ट्रकची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०२५ मध्ये अरोरा कंपनीने अमेरिकेत डॅलस ते ह्यूस्टन विनाचालक ट्रक सुरू केले. थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या आसनावर एक निरीक्षक बसवावा लागला. तो चालवायचा नाही, नुसता बसायचा. म्हणजे आसन भरलेलं आणि तरी ट्रक विनाचालक! 'चालक' हा शब्द आसनाचा नसून कामाचा आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणि ते काम किती, ते मामांनी सांगितलं. निघण्याआधी दांडक्याने एकेक टायर ठोकायचा. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा कमी असली तर मऊ, बसका. दोन-तीन तासांनी थांबून दोर ओढून बघायचा, ताडपत्री सुटली नाही ना ते बघायचं. "स्टिअरिंग धरणं हे त्यातलं निम्मंही नाही," ते म्हणाले. यंत्राने घेतलं ते एवढंच. उरलेलं कुणाकडे जाणार आणि त्या माणसाला काय म्हणणार, याचा शब्द अजून कुणी मागितलेलाही नाही.

'यूजर-इन-चार्ज'साठी मला 'राखीव चालक' सुचतो. राखीव खेळाडू मैदानाबाहेर निवांत बसू शकतो, खेळ हरला तर बोल त्याच्यावर येत नाही, पण बोलावलं की उतरावं लागतं. शिवाय त्यात 'राखणे' आहे. तुमच्या मसुद्यात हा शब्द टिकतो का बघा. 'राखीव चालकाने सूचना मिळताच ताबा घ्यावा' असं एक वाक्य मी लिहून मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पहिल्याच दमात विचारलं, "सूचना किती आधी मिळणार?"