दहा-पंधरा गुंठे, कोंबड्या आणि भाजी : तुमचे अनुभव लिहा

कोरेगाव तालुक्यात आमचं घराला लागून १५ गुंठे रान आहे, त्यात २२ कोंबड्या आणि हंगामाप्रमाणं भाजी. ऊस, हळद, द्राक्षं यावर बोलणारे आपल्या सातारा-सांगलीत ढीगभर आहेत, पण घराजवळच्या तुकड्यावर रोजचा बाजारखर्च काढणाऱ्या बायकांना कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. कोंबड्या आणि भाजी एकाच रानात कशी जमवता, कुठं फटका बसला, सगळं लिहा, लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. मेथीचा वाफा टाकला की सकाळी कोंबड्या सुटल्या सुटल्या थेट तिथंच, बी वेचून माती उकरून तासाभरात वाफ्याचं अंगण करायच्या. दोन वर्षं हाकलण्यातच गेली. आता बांबू रोवून जुन्या साड्या बांधते आणि भाजी काढून झाली की आठ दिवस त्याच वाफ्यात कोंबड्यांना मुद्दाम सोडते, हुमणी, अळ्या, तणाचं बी सगळं वेचून काढतात, तेवढी खुरपणी वाचते. दुसरी चूक खताची. खुराड्यातली ताजी विष्ठा वांग्याच्या रोपांना घातली आणि आठवड्यात पानं करपली. कोंबडखत लई गरम असतं. आता पालापाचोळा मिसळून, ओलं ठेवून, अधनंमधनं हलवून तीन महिने कुजवते आणि मगच रानात नेते.

खटाव

ताई बरं झालं विषय काढला. माझा अनुभव मानमोडीचा, राणीखेत म्हणतात ती. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात १८ पैकी १५ कोंबड्या पाच दिवसांत गेल्या, हिरवी हगवण, मान वाकडी, पंख पडलेले, रोज सकाळी खुराडं उघडायची भीती वाटायची. पोरीच्या शाळेच्या खर्चाचे पैसे त्यातच होते. लस नव्हती का, तर होती, पण लासोटाची बाटली किमान १०० पिल्लांची येते, माझी पिल्लं १२, एकटीसाठी कुठं आणायची म्हणून राहून गेलं. आता वस्तीवरच्या सात घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या अंड्यांवर बसवायला सुरुवात केलीय, म्हणजे पिल्लंही एकदमच निघतात. सहाव्या-सातव्या दिवशी बर्फाच्या डब्यातनं एकच बाटली आणायची, संध्याकाळी गारव्याला सगळ्यांनी जमून प्रत्येकाच्या डोळ्यात एकेक थेंब. पातळ केलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवसाला चालत नाही. पुढं दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी, म्हणजे मानमोडीचीच मोठ्या कोंबड्यांची लस, तिचं इंजेक्शन, ते गुरांच्या दवाखान्यातनं करून घेतो. आजारी कोंबडी बाजारात विकून टाकू नका हो कोणी, आमच्याकडं रोग तसाच आला होता.

पलूस, नदीकाठ

आमचं रान कृष्णेच्या काठाला, वांगी अशी येतात की भरीत करावं तर आमच्याच वांग्याचं. शेंड्यातल्या अळीला मी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग अडकवणारे) लावतो, मलूल शेंडे रोज खुडतो, आणि किडकी वांगी फोडून कोंबड्यांना टाकतो, त्या अळी आधी खातात मग गर. मात्र फवारणी केलेल्या रानातलं काही टाकायचं नाही, शेजारच्या बांधावरचा फवारलेला पाला खाऊन माझ्या तीन तलंगा, अंड्यावर यायला झालेल्या तरण्या कोंबड्या, गेल्यात.

पण खरं सांगायचंय ते पुराचं. २०१९ च्या ऑगस्टला पाणी रात्रीत वाढलं, आम्ही म्हातारी माणसं आणि गुरं आधी काढली, कोंबड्या पाट्यांखाली झाकून माळ्यावर ठेवल्या, चौथ्या दिवशी परत आलो तर माळ्यापर्यंत पाणी चढून गेलेलं. आईनं त्यातली एकेक कोंबडी अंड्यावर बसवून वाढवलेली, ती दोन दिवस जेवली नाही. भाजी तर सगळी कुजून वास मारत होती. २०२१ च्या जुलैला शहाणे झालो होतो. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, पण आम्ही ४० ची वाटच बघितली नाही, कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी ऐकली आणि कोंबड्या डालग्यात घालून टेम्पोनं माळावर बहिणीकडं पोचवल्या. भाजी गेली, कोंबड्या वाचल्या, आणि पूर ओसरल्यावर घरात पहिला पैसा अंड्यांचाच आला. आता खुराडंच उचलता येईल असं केलंय, लोखंडी अँगलचं, चार माणसं लागतात.

आटपाडी

आमच्याकडं पूर नाही, ऊन. एप्रिल-मेमध्ये कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, अंडी निम्म्यावर येतात, कवच पण पातळ होतं. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून पाणी मारतो, बाजूनं ओली पोती. खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच. धुणंभांड्याचं पाणी शेवगा आणि दोडक्याच्या वेलाला जातं, त्या वेलाच्या सावलीतच कोंबड्या दुपार काढतात.

शिराळा

पलूसचे दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं बिबट्या उसात असतो त्यामुळं अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडायच्याच. पण नुकसान जास्त केलं ते मुंगसानं. खालनं बीळ काढून एका रात्रीत नऊ पिल्लं. तेव्हापासनं भिंतीच्या कडेनं फूटभर खोल दगड पुरलेत आणि अर्ध्या इंचाची जाळी लावलीय, मोठ्या भोकाच्या जाळीतनं पिल्लाला पाय धरून ओढतात.

वाई

आमच्या आजीचं थोडं लिहिते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली की तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच, १० ते १२ अंडी ठेवायची, हावरेपणा करून १६ ठेवली तर कडेची गार पडतात. आजी टोपल्यात लोखंडाचा तुकडा आणि कोळसा ठेवायची, वीज कडाडून अंडी खराब होऊ नयेत म्हणून. मीही ठेवते, तिची आठवण म्हणून. सातव्या दिवशी रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून अंडं मुठीत धरून बघते, तांबड्या शिरा दिसल्या तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढून घ्यायचं. बरोबर २१ व्या दिवशी चिवचिव ऐकू येते. कितीदा ऐकली तरी मी हातातलं काम टाकून पळत जाते.

कोरेगाव (धागाकर्ती)

खटावच्या ताई, तुमचं लिहिलेलं काल आमच्या आळीत वाचून दाखवलं. पाच घरं तयार झालीत, माझ्या दोन आणि जाऊबाईंची एक कोंबडी खुडूक आहेच, बाकीच्यांच्या होईपर्यंत थांबायचं ठरलंय. बर्फाच्या डब्यातनं लस आणताना वाटेत दीड तास जातो, एवढा वेळ चालतं का तेवढं सांगा.

खटाव

चालतं ताई. बर्फ भरपूर घ्या, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मध्ये ठेवा आणि डबा उन्हात नका ठेवू. पातळ करायचं पाणी पण त्यातच गार करून आणा.